देखरेख कोणासाठी? अमेरिकेतील ग्रुप होमचा इतिहास

ग्रुप होम म्हणजे रहिवासी वस्तीतले साधे घर. त्यात चार-सहापासून दहा-पंधरापर्यंत माणसे राहतात. ती एकमेकांच्या नात्यातली नसतात. कोणाला बौद्धिक अपंगत्व असते, कोणाला दीर्घ मानसिक आजार, तर कोणी व्यसनातून सुटून नव्याने उभे राहत असते. बहुतेक घरांत मदतीला पाळीपाळीने पगारी कर्मचारी असतात. अमेरिकेत आज अशी घरे शहरोशहरी दिसतात. १९६० च्या सुमारास ती बोटांवर मोजण्याइतकीच होती. ती वाढत गेली तसे दोन प्रश्न जोडीने पुढे आले. आतल्या माणसांवर देखरेख कोणी आणि किती ठेवायची, हा एक. शेजाऱ्यांच्या हरकतीला किती वजन द्यायचे, हा दुसरा. दोन्हीकडे शब्द ‘देखरेख’ हाच, पण अर्थ निराळा. राहणाऱ्याला देखरेख लागते ती औषध वेळेवर मिळावे, जेवताना ठसका लागला तर कोणीतरी जवळ असावे यासाठी. शेजाऱ्याला ती हवी असते त्या माणसापासून आपले रक्षण व्हावे म्हणून. ग्रुप होमचा इतिहास हा बराचसा या दोन अर्थांच्या गुंत्याचा इतिहास आहे.

शाळेपासून कोंडवाड्यापर्यंत

बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी अमेरिकेत पहिली संस्था निघाली ती शाळा म्हणून. मॅसॅच्युसेट्स राज्याने १८४८ मध्ये दहा गरीब मुलांच्या शिक्षणाचा प्रयोग मंजूर केला. त्यासाठी वर्षाला २,५०० डॉलर, तीन वर्षांपुरते. अंधांच्या शिक्षणात नाव मिळवलेले डॉ. सॅम्युएल ग्रिडली हाउ हे या प्रयोगाचे चालक होते. मुलांना बोलणे, कपडे घालणे, हातांनी काम करणे शिकवायचे आणि घरी परत पाठवायचे, एवढाच हेतू होता. प्रयोग यशस्वी झाला आणि इतर राज्यांनी तो उचलला. पण परत पाठवण्याचा भाग हळूहळू गळून पडला. १८६६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या बटाव्हिया गावी अंधांच्या संस्थेची कोनशिला बसवण्याच्या समारंभात हाउ यांनीच इशारा दिला, की अशा माणसांना एका ठिकाणी गोळा करू नये, समाजात विखरून राहू द्यावे. पाहुण्याने यजमानाच्या अंगणात दिलेला हा इशारा कोणी मनावर घेतला नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत शाळांची ‘वसाहत’ झाली. गावाबाहेर शेकडो एकर जमीन, विटांच्या लांबलचक इमारती, स्वतःची शेती आणि स्वतःचे धोबीघर. विसाव्या शतकाच्या आरंभी सुप्रजननवादाचे, म्हणजे ‘योग्य’ माणसांनाच मुले व्हावीत या विचाराचे, वारे वाहू लागले आणि संस्थांचा हेतूच फिरला. मतिमंद माणसाला जगापासून वाचवायचे ही भाषा मागे पडली, जगाला त्याच्यापासून वाचवायचे ही पुढे आली. व्हर्जिनियातल्या एका संस्थेतील तरुणीच्या सक्तीच्या नसबंदीला सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये ‘बक विरुद्ध बेल’ खटल्यात मान्यता दिली. भिंतीबाहेरच्यांची भीती हीच सरकारी धोरणाचा पाया झाली. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या सरकारी संस्थांतील संख्या वाढत वाढत १९६७ मध्ये सुमारे १ लाख ९४ हजारांवर पोचली. मनोरुग्णालयांचा उच्चांक त्याआधीच, १९५५ मध्ये, साडेपाच लाखांहून वर गेला होता.

विलोब्रुक

या व्यवस्थेतली देखरेख प्रत्यक्षात कशी होती, हे न्यूयॉर्क शहरातल्या स्टेटन आयलंडवरील विलोब्रुक स्टेट स्कूलने दाखवून दिले. सुमारे ३७५ एकरांवरची ही संस्था १९४७ मध्ये सुरू झाली. चार हजारांच्या आसपास माणसांसाठी बांधलेल्या इमारतींत १९६५ पर्यंत सहा हजारांहून अधिक जण होते. त्या वर्षी सिनेटर रॉबर्ट केनेडी यांनी अचानक भेट देऊन तिथल्या अवस्थेचा जाहीर निषेध केला. वर्तमानपत्रांत बातम्या आल्या आणि विरल्या. पुढच्या काही वर्षांत राज्याने खर्चात काटछाट करून नोकरभरती रोखली आणि आधीच अपुरे असलेले कर्मचारी आणखी कमी झाले.

तिथले तरुण डॉक्टर मायकेल विल्किन्स यांनी मुलांच्या आईवडिलांना संघटित करायला सुरुवात केली, म्हणून जानेवारी १९७२ मध्ये त्यांना कामावरून काढले गेले. सहा नंबरच्या इमारतीची किल्ली मात्र त्यांच्याकडेच राहिली होती. ती त्यांनी दूरचित्रवाणीचे वार्ताहर हेराल्डो रिव्हेरा यांना दिली. कॅमेरा आत गेला तेव्हा अर्धवट उघडी, फरशीवर पडलेली, काही स्वतःच्याच विष्ठेत बसलेली मुले आणि पन्नासेक मुलांमागे एक कर्मचारी असे दृश्य घराघरांत दिसले. चित्रीकरणात विल्किन्स यांनी जेवणाचा हिशेब मांडला. एका मुलाला भरवायला दोन-तीन मिनिटे मिळतात, लागतात वीस ते तीस. घाईने कोंबलेला घास श्वासनलिकेत जातो आणि मुले न्यूमोनियाने दगावतात. हजारो माणसे कुलपात असूनही, ‘लक्ष ठेवणे’ या शब्दाचा जो साधा अर्थ मराठी घरात कोणालाही कळतो, त्या अर्थाने त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

पालकांनी मार्च १९७२ मध्ये फेडरल न्यायालयात धाव घेतली. १९७५ मध्ये गव्हर्नर ह्यू केरी यांच्या सरकारने तडजोडीचा हुकूमनामा मान्य केला. त्यात कर्मचाऱ्यांचे प्रमाण, उपचारांचे तास, एकांतकोठडीला बंदी अशा बाबी तपशिलाने लिहिल्या होत्या. सर्वांत महत्त्वाचे कलम स्थलांतराचे होते. सहा वर्षांत विलोब्रुकची संख्या २५० वर आणायची, बाकीच्यांना छोट्या घरांत न्यायचे, आणि ती घरे दहा ते पंधरा खाटांहून मोठी नसावीत. मुदत पाळली गेली नाही, पण दिशा बदलली नाही. १९८७ मध्ये विलोब्रुक बंद झाले. त्या जागेचा मोठा भाग आज एका महाविद्यालयाचे आवार आहे.

छोट्या घराची कल्पना

हुकूमनामा लिहिणाऱ्यांपुढे एक तयार विचार होता. स्कँडिनेव्हियात १९६० च्या दशकात ‘नॉर्मलायझेशन’चे तत्त्व मांडले गेले. स्वीडनचे बेंग्ट निर्ये यांनी त्याला नेमके शब्द दिले. माणसाचे अपंगत्व काहीही असो, त्याच्या दिवसाची, आठवड्याची आणि वर्षाची लय इतरांसारखी असली पाहिजे: सकाळी उठून कामाला जाणे, संध्याकाळी घरी येणे, रविवारी सुट्टी. वुल्फ वुल्फेन्सबर्गर यांनी हा विचार अमेरिकेत रुजवला. त्यांच्या प्रेरणेने नेब्रास्का राज्यात ओमाहाच्या परिसरात १९७० च्या सुमारास छोट्या घरांचे जाळे उभे राहिले.

शब्दही बदलले. संस्थेच्या जुन्या दफ्तरांत राहणाऱ्याला ‘इनमेट’, म्हणजे जवळपास कैदीच, म्हटले जाई. नंतर तो ‘पेशंट’ झाला. सामुदायिक सेवांच्या काळात ‘क्लायंट’ हा वकिलाच्या कचेरीतला शब्द आला, कारण सेवा घेणारा आणि देणारा यांच्यात करार आहे असे सुचवायचे होते. पुढे ‘कन्झ्युमर’ म्हणजे ग्राहकही आला.

पैशाची वाट १९७१ च्या कायद्याने मोकळी झाली. गरिबांच्या वैद्यकीय खर्चाच्या मेडिकेड योजनेतून अशा निवासी सोयींना फेडरल निधी मिळू लागला. बदल्यात अट एवढीच, की नुसते सांभाळणे चालणार नाही, प्रत्येकाला शिकवण्याचा आखीव कार्यक्रम हवा. १९८१ पासून हाच निधी संस्थेऐवजी घरी किंवा वस्तीत राहणाऱ्यांवर खर्च करण्याची मुभा राज्यांना मिळाली.

छोट्या घरातली देखरेख कागदावर अशी दिसते. प्रत्येक राहणाऱ्याची वैयक्तिक योजना असते. तो एकटा रस्ता ओलांडू शकतो का, गॅस पेटवू शकतो का, औषध स्वतः घेऊ शकतो का, याची त्यात नोंद असते. औषधांचे कपाट कुलूपबंद, दिलेल्या प्रत्येक गोळीपुढे सही. आग लागल्यास बाहेर पडण्याची कवायत ठरावीक दिवसांनी. रात्रपाळीचे दोन प्रकार: काही घरांत कर्मचारी रात्रभर जागा राहतो, जिथे गरज कमी तिथे तो तिथेच झोपतो आणि हाक आली की उठतो. मेडिकेडच्या १९८८ च्या नियमांत कर्मचाऱ्यांचे किमान प्रमाणही आकड्यांत आले. तीव्र अपंगत्व असलेल्या दर ३.२ माणसांमागे एक, मध्यम असल्यास ४ मागे, सौम्य असल्यास ६.४ मागे एक. हा सारा हिशेब राहणाऱ्याच्या गरजेवरून केलेला असे. शेजाऱ्याला काय वाटते, याचा रकाना त्यात नव्हता.

शेजाऱ्यांची हरकत

शेजारी मात्र त्याच रकान्याबद्दल विचारत होते. गावोगावच्या सुनावण्यांत हरकती ठरलेल्या असत: घरांच्या किमती पडतील, गाड्यांची गर्दी होईल, आमची मुले सुरक्षित राहणार नाहीत, रात्री कोण लक्ष ठेवणार, आणि आमच्याच गल्लीत का. घराच्या किमतीची भीती पडताळून पाहता येण्यासारखी होती. प्रिन्स्टन विद्यापीठाचे भूगोलज्ञ ज्युलियन वोल्पर्ट यांनी १९७८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील दहा नगरांतील ४२ ग्रुप होमचा अभ्यास केला. आसपासच्या घरांच्या किमती त्यामुळे घसरल्याचे त्यांना आढळले नाही. पुढच्या अनेक अभ्यासांचा निष्कर्षही बहुतांशी हाच राहिला.

प्रत्येक हरकत मात्र निराधार नव्हती. मनोरुग्णालये रिकामी करताना अनेक राज्यांनी माणसे बाहेर काढली आणि त्यांच्यामागे पुरेशा सेवा पाठवल्या नाहीत. कॅलिफोर्नियात ॲग्न्यूज रुग्णालयाचा मानसोपचार विभाग १९७२ मध्ये बंद झाला. तिथून निघालेल्यांपैकी बरेच जण सॅन होजे शहरात, विद्यापीठालगतच्या जुन्या विद्यार्थी-निवासांच्या बोर्डिंग हाउसांत येऊन पडले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग बीच या किनाऱ्यावरच्या गावात पडीक हॉटेलांत असेच घडले. मालक भाडे घेई. औषधाची, जेवणाची, दिवसभर करायचे काय याची जबाबदारी कोणावरच नव्हती. लाँग बीचने सततच्या मानसोपचाराची गरज असलेल्यांना हॉटेलांत ठेवू नये असा स्थानिक नियमच केला. १९७४ मध्ये फेडरल न्यायालयाने तो अडवला. इथे शेजाऱ्यांनी दाखवलेली उणीव खरी होती, त्यावरचा उपाय मात्र चुकीचा होता. देखरेख आणण्याऐवजी त्यांनी माणसेच घालवायला निघावे, ही त्यातली गोम.

कायद्याने काढलेल्या वाटा

हरकतीचे हत्यार होते झोनिंग, म्हणजे कोणत्या भागात कोणती इमारत चालेल याचे नगराचे नियम. बहुतेक नियमांत रहिवासी भाग ‘एका कुटुंबासाठी’ राखीव असे. मग कुटुंब म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयात आला. १९७४ मध्ये ‘बेल टेअर’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नात्याबाहेरच्या लोकांच्या संख्येवर मर्यादा घालणारा नियम वैध ठरवला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने व्हाइट प्लेन्स शहराच्या खटल्यात निराळी दृष्टी घेतली. एक जोडपे, त्यांची दोन मुले आणि सांभाळायला घेतलेली दहा मुले एका घरात नांदत असतील तर ते कुटुंबच आहे.

राज्यांनीही मार्ग काढले. कॅलिफोर्नियाने सहा किंवा त्याहून कमी माणसांच्या परवानाधारक घराला झोनिंगपुरते सामान्य कुटुंबाचे घर मानले. नगराला वेगळी परवानगी मागता येईना. एकाच गल्लीत गर्दी होऊ नये म्हणून दोन घरांत ३०० फुटांचे अंतर राखण्याचा निकषही आला. न्यूयॉर्कने १९७८ मध्ये सिनेटर फ्रँक पाडावन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. घर उघडू पाहणाऱ्या संस्थेने नगराला आधी कळवायचे. नगराला ४० दिवस मिळत. तेवढ्यात त्याने होकार द्यावा, दुसरी योग्य जागा सुचवावी, किंवा या भागात अशी घरे आधीच इतकी आहेत की वस्तीचे रूपच पालटेल, असे दाखवून द्यावे. शेजाऱ्यांना आता बोलायला व्यासपीठ होते, पण ‘ही माणसे आम्हाला नकोत’ हे कारण त्या यादीत बसत नव्हते.

क्लेबर्नची सुनावणी

हे तत्त्व सगळ्या देशाला लागू व्हावे असा प्रसंग टेक्सासमध्ये आला. फोर्ट वर्थच्या दक्षिणेला क्लेबर्न हे छोटे शहर आहे. तिथल्या फेदरस्टन स्ट्रीटवरचे २०१ क्रमांकाचे घर जुलै १९८० मध्ये विकत घेतले गेले. त्यात चार झोपायच्या खोल्या आणि दोन न्हाणीघरे होती; आणखी एक छोटे शौचालय नव्याने बांधायचे होते. क्लेबर्न लिव्हिंग सेंटर तिथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या तेरा स्त्री-पुरुषांना ठेवणार होते. कर्मचाऱ्यांची देखरेख चोवीस तास.

त्या भागात नगराच्या नियमांनुसार अपार्टमेंट, बोर्डिंग हाउस, महाविद्यालयीन मुलांची फ्रॅटर्निटी हाउसेस, वसतिगृहे, रुग्णालये, वृद्धांची शुश्रूषागृहे हे सारे खास परवान्याविना चालत होते. फक्त ‘वेडे, मतिमंद, दारुडे, व्यसनी’ यांच्या संस्था आणि तुरुंग यांना खास परवाना लागे, आणि तोही दरवर्षी नव्याने. अर्जासोबत दोनशे फुटांच्या आतील मालमत्ताधारकांच्या सह्या हव्यात. हाउसिंग सोसायटीच्या ना-हरकत दाखल्यासाठी ज्याने जोडे झिजवले आहेत, त्याला हा प्रकार अपरिचित वाटणार नाही.

नगर परिषदेने ३ विरुद्ध १ मतांनी परवाना नाकारला. कारणे अशी दिली: आसपासच्या बहुसंख्य मालकांचा विरोध आहे, वृद्ध शेजारी घाबरतात, समोरच्या शाळेतली मुले या लोकांना त्रास देतील, जागा पाचशे वर्षांतून एकदा पूर येईल अशा पट्ट्यात आहे, एका घरात माणसे फार होतात, आणि या लोकांच्या कृत्यांची कायदेशीर जबाबदारी कोणावर, याची शंका आहे. खटल्यात या कारणांची एकेक करून झडती झाली. समोरच्या शाळेत बौद्धिक अपंगत्व असलेले तीसेक विद्यार्थी शिकतच होते. पुराचे पाणी शुश्रूषागृहातल्या वृद्धांना वगळून येणार नव्हते. तेवढीच माणसे फ्रॅटर्निटीची असती तर गर्दीबद्दल कोणी ब्र काढला नसता. राहणारे मतिमंद नसते तर याच घराला परवानगी लागली नसती, हे पहिल्या न्यायालयानेच नोंदवले होते.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ जुलै १९८५ रोजी आला. न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिलेल्या निकालाने बौद्धिक अपंगत्व असलेल्यांना वंशासारखे खास संवैधानिक संरक्षण द्यायला नकार दिला. न्यायमूर्ती थर्गुड मार्शल यांना ते मान्य नव्हते. पण या घराला परवाना नाकारणे घटनाबाह्य आहे, यावर सर्व न्यायमूर्तींचे एकमत झाले. शेजाऱ्यांची नापसंती किंवा पुराव्याविना भीती हे सरकारी निर्णयाचे कारण होऊ शकत नाही. मतदारांनी आपली नावड नगर परिषदेच्या हातून अमलात आणावी, हेही घटनेला मंजूर नाही.

१९८८ चा कायदा आणि त्यानंतर

क्लेबर्नच्या निकालानंतर तीन वर्षांनी अमेरिकी काँग्रेसने निवाऱ्यातील भेदभावाविरुद्धच्या कायद्यात अपंगत्वाचा समावेश केला. मार्च १९८९ पासून तो लागू झाला. नगराने आपल्या नियमांत वाजवी सवलत द्यावी, हे त्यात बंधनकारक झाले. शेजाऱ्याच्या भीतीलाही त्यात जागा मिळाली, पण मोजून मापून. एखाद्या व्यक्तीमुळे इतरांच्या सुरक्षिततेला थेट धोका असेल तर तिला घर नाकारता येते. हा धोका त्या व्यक्तीच्या वागण्यावरून सिद्ध व्हावा लागतो. ती कोणत्या गटातली आहे यावरून तो गृहीत धरता येत नाही.

या कायद्याची परीक्षा पाहणारे घर मात्र देखरेख नसलेले निघाले. ऑक्सफर्ड हाउस ही व्यसनमुक्त माणसांच्या घरांची चळवळ १९७५ मध्ये मेरीलँडच्या सिल्व्हर स्प्रिंग येथे सुरू झाली. एक निवासी केंद्र बंद पडत होते, तेव्हा तिथल्याच लोकांनी ते भाड्याने घेतले. त्यांचे नियम थोडे: घर मतदानाने चालवायचे, खर्च आपला आपण भागवायचा, आणि पुन्हा प्यायलेल्याने घर सोडायचे. पगारी कर्मचारी एकही नाही. प्रत्येकाची नजर दुसऱ्यावर आणि स्वतःवर. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने नात्याबाहेरच्या पाचच माणसांची मर्यादा दाखवून दहा-बारा जणांच्या अशा घराला हरकत घेतली. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की कुटुंबाची व्याख्या करणारी अशी मर्यादा भेदभावविरोधी कायद्यातून सूट मिळवून देत नाही. १९९९ च्या ‘ओल्मस्टेड’ निकालाने आणखी पुढचे पाऊल टाकले. बाहेर राहू शकणाऱ्या आणि राहू इच्छिणाऱ्या माणसाला विनाकारण संस्थेत ठेवणे हाच भेदभाव ठरला.

धोका कुठून आला

मोठ्या सरकारी संस्थांतली बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची संख्या पन्नास वर्षांत वीस हजारांच्या आसपास उतरली. पण भिंत गेली म्हणून देखरेखीचा प्रश्न सुटला नाही. तो हजारो छोट्या घरांत विखुरला. कर्मचाऱ्यांचे पगार कमी, ये-जा सतत, आणि मध्यरात्री एका घरात एकच माणूस पाळीवर. २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने राज्यातील ग्रुप होमवर मालिका छापली. मारहाण आणि लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या कर्मचाऱ्यांना काढण्याऐवजी दुसऱ्या घरात बदली दिली जात होती, असे त्यातून पुढे आले. त्यानंतर राज्याने स्वतंत्र चौकशी यंत्रणा उभारली आणि २०१३ मध्ये तिचे काम सुरू झाले. सुनावण्यांमध्ये वर्षानुवर्षे चर्चा झाली ती राहणाऱ्यांपासून शेजाऱ्यांना असलेल्या धोक्याची. या मालिकेने दाखवलेला धोका राहणाऱ्यांनाच होता, आणि तो बंद दाराआड होता.

मेडिकेडच्या २०१४ च्या नियमांनी देखरेखीची व्याख्या पुन्हा लिहिली. वस्तीतल्या घरासाठी निधी हवा असेल तर राहणाऱ्याला स्वतःच्या खोलीला कुलूप लावता आले पाहिजे, पाहुणे कधीही बोलावता आले पाहिजेत, भूक लागली की खायला मिळाले पाहिजे, खोलीत सोबती कोण असावा हे निवडता आले पाहिजे. यातली कोणतीही मोकळीक कमी करायची तर त्या एका माणसाच्या योजनेत कारण लिहावे लागते, आधी कोणते सौम्य उपाय करून पाहिले तेही नोंदवावे लागते, आणि बंधन अजून लागते का याचा ठरावीक काळाने फेरविचार करावा लागतो. १९७२ मध्ये विलोब्रुकच्या सहा नंबरच्या इमारतीची किल्ली कामावरून काढलेल्या डॉक्टरच्या खिशातून बाहेर आली होती. नव्या नियमानुसार खोलीची किल्ली राहणाऱ्याकडे आणि गरजेपुरत्या कर्मचाऱ्यांकडे असते.